उडती पिसू

रघुनाथराव बिडवे. माझ्यावर ज्यांचे सगळ्यात मोठे उपकार आहेत त्या माणसाचं हे नाव. मुळशी पेट्यात हे नाव घेऊन चौकशी केली असती तर लोकांनी नुसत्या माना हलवल्या असत्या. पण ‘देवीडाक्टर’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा पौडातल्या त्यांच्या खोलीपर्यंत वाट दाखवायला यायचं, आणि दार दिसताच दंड झाकून माघारी पळायचं. ते डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचायची, ही त्यांची सरकारी नोकरी. दाते असलेली एक लहानशी चकती दंडावर टेकवून ते ती गर्रकन फिरवत, आणि ते चांगलंच दुखायचं. पोरांच्या लेखी वाघ आणि बिडवेसाहेब यांच्यात फरक एवढाच होता, की वाघ डोंगर सोडून खाली येत नसे.

मार्च आला की मला ते आठवतात. या वर्षी जरा जास्तच, कारण या वर्षी मी पहिल्यांदा शिक्षक म्हणून परीक्षेच्या वर्गात बाकांच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. हातात पेपरांचा गठ्ठा, खिडकीबाहेर कडुनिंबाचा फुलोरा, आणि त्या झाडाखाली पालकांच्या आणि शिक्षकांच्या मोटारसायकली. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत पोरं त्या गाड्यांभोवती जमतात आणि टाकीवरची नावं मोठ्यानं वाचतात. एक आहे ‘बुलेट’, म्हणजे बंदुकीची गोळी. गोळीवर बसून कामाला जायचं, ही कल्पना माझ्या आईला अजूनही पटत नाही. दुसरी आहे ‘बँटम’. ही कोंबड्यांची एक बुटकी जात. वाघाचा बछडा म्हणवणाऱ्या एका गाडीवरून येणारे गृहस्थ एवढे वजनदार आहेत, की ते उतरले की बछडा सुटकेचा श्वास टाकतो. आणि ‘रेड हंटर’, लाल शिकारी, या गाडीवरून येतात आमचे संस्कृतचे शिक्षक. पायाखाली मुंगी दिसली तरी ते वळसा घालून जातात.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्या त्याच्या कानात सांगते. मग तिच्या पाठीवर बुक्के बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि ते नाव त्या जिवाला चिकटतं. या यंत्रांच्या कानात नाव कोण सांगतं? कुठल्यातरी थंड देशातल्या कारखान्यात कुणी कोट घातलेला माणूस बसून ठरवत असेल, की हिला कोंबडा म्हणू, हिला शिकारी. ते नाव पुढं कुठल्या डोंगरात जाऊन पडणार आहे, हे त्याला काय ठाऊक?

पोरं हसतात. मलाही हसू येतं, पण ते ओठांवर आलं की थांबतं.

बिडवेसाहेबांची फटफटी खडकीच्या लष्करी लिलावातली होती. अंगानं इतकी किरकोळ, की दोघांनी धरली तर बांधावरून उचलून पलीकडे ठेवता यायची. गिअर पायात नव्हता, टाकीशेजारी हाताला होता. पेट्रोलमध्ये मापानं तेल मिसळायचं, चार लाथा मारायच्या, आणि निळा धूर सोडत ती सुरू व्हायची. रंग लष्करी हिरवा. टाकीवर कुणा सैनिकानं पांढऱ्या रंगात, वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: फ्लाइंग फ्ली. लढाईच्या काळात या जातीच्या गाड्या विमानातून, लोखंडी पिंजऱ्यात घालून, हवाई छत्रीला बांधून खाली टाकत, असं लिलावात कुणीतरी साहेबांना सांगितलं होतं. सैनिकांनीच तिचं हे नाव पाडलं. उडती पिसू.

त्या वर्षी मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला होतो. आमचं गाव धरणाच्या काठाला, शाळा पौडाला. रोज चालत जाऊन-येऊन अभ्यास होईना, हे साहेबांनी पाहिलं आणि एक दिवस वडिलांना म्हणाले, “याला माझ्या खोलीवर राहू द्या. मी अर्धा महिना बाहेरच असतो. खोली नुसती उंदरांच्या ताब्यात असते.” मी राहायला गेलो. ते असले की रोज तासभर माझं इंग्रजी घेत. शब्द नुसता पाठ करायचा नाही, त्याचा मराठीत नेमका अर्थ सांगायचा, अशी त्यांची शिस्त. अर्थ सांगता आला की ते “शाबास” म्हणत. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाला कागदावरच्या गोष्टीसाठी शाबास मिळालेली नव्हती. त्या शब्दासाठी मी काहीही केलं असतं.

त्या फाल्गुनात डोंगर धुरानं भरलेले होते. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून शेतकरी पालापाचोळा, शेण, कवळं म्हणजे छाटलेल्या डहाळ्या पसरून राब पेटवत. अजूनही तो वास आला की मला परीक्षा आठवते. आणि त्याच धुरातून बातमी आली, की खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला एका गावात देवी आल्यात. आमच्याकडे रोग आला असं कुणी म्हणत नसे. देवी आल्या म्हणत. घरात कडुनिंबाचे डहाळे लागत, फोडणी बंद होई, आवाज बंद होई. मग चौथ्या-पाचव्या दिवशी कळायचं, की ते पोर राहिलं की गेलं. त्या गावात दोन गेली होती.

आणि या बाजूला, डोंगराच्या खांद्यावर, आसणवाडी होती. तीसेक घरं. तिथल्या लहान पोरांना अजून लस टोचलेली नव्हती. वाडीतल्या बायका पलीकडच्या त्याच गावच्या बाजाराला जात.

साहेबांनी घाई केली. लस पुण्याहून आणायची, ती काचेच्या बारीक नळ्यांत, बर्फ घातलेल्या थर्मासात. बर्फ वितळून पाणी कोमट झालं की लस मरते. मग टोचलं काय, न टोचलं काय, सारखंच. शनिवारी जाऊन लस आणायची आणि रविवारी सकाळीच आसणवाडी गाठायची, असं ठरलं. मला ते म्हणाले, “शुक्रवारी तू घरी जाणारच आहेस. वाट वाकडी करून वाडीत निरोप दे. रविवारी कुणी रानात जाऊ नका म्हणावं. पोरं घरी ठेवा.” बुधवारी पुण्याला माझा इंग्रजीचा पेपर होता, पण पाय तरुण होते. मी गेलो.

निरोप मी नीट दिला. वाडीच्या देवळापुढच्या पारावर माणसं बसली होती. मधोमध धोंडीबाबा. वाडीत त्यांचा शब्द चाले. बाजूला हौसामावशी नाचणी पाखडत होती. ती माझ्या आईच्या माहेरची, म्हणून मावशी. निरोप ऐकून सगळे हो म्हणाले. मी उठणार, एवढ्यात धोंडीबाबांनी विचारलं, “आरं, डाक्टरच्या फटफटीवर पांढरं काय लिवलंय?”

“फ्लाइंग फ्ली,” मी छाती काढून म्हणालो.

“आता मराठीत सांग. आमी काय विलायतेला ऱ्हातो?”

“उडती पिसू.”

“पिसू?”

“व्हय बाबा. साहेबांनी मागं चित्र दाखवलं नव्हतं का, प्लेगचं? त्यातली ती. फ्ली म्हणजे तीच.”

हौसामावशीच्या हातातलं सूप थांबलं. मला वाटलं, माझ्या इंग्रजीनं लोक दिपले. मी खुशीत डोंगर उतरलो.

त्या चित्राची गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी, लस नसलेल्या एका फेरीत, साहेबांनी वाडीत एक तक्ता लावला होता. त्यावर वांग्याएवढी पिसू, तिच्या पायांवरचे केससुद्धा दिसतील अशी. ते कळकळीनं बोलले होते, “उंदीर पडायला लागले, पिसवा झाल्या, की कुणाला विचारत बसू नका. घरं सोडा आणि माळावर जाऊन राहा.” धोंडीबाबांचे दोन थोरले भाऊ गाठीच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत एका आठवड्यात गेले होते. त्यांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला होता. मग हात जोडले होते. चित्राला की साहेबांना, ते कळलं नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही पारावर बसून मी म्हणालो, “तीच.”

रविवारी उजाडताच साहेब आमच्या दारात आले. मी मागं बसलो, थर्मास ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरला. चढावर उतरून ढकलत, दोन ठिकाणी रचलेल्या दगडांच्या गडग्यावरून गाडी उचलून ठेवत आम्ही आसणवाडीत पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं.

वाडी रिकामी होती.

दारांना कड्या. चुली गार. कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या आणि एक कुत्रं पारावर, धोंडीबाबांच्या जागी, झोपलं होतं. साहेबांनी हाक मारली. डोंगरानं ती परत केली. मी थर्मास आणखी घट्ट धरला.

एका गोठ्यातून हौसामावशी बाहेर आली. हातात दावं.

“सगळे कुठं गेले, बाई?” साहेबांनी विचारलं.

“माळावर. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, पिसू आली की घरं सोडा म्हनून.”

साहेबांचा चेहरा उतरला. “उंदीर पडले? किती? कधीपासून?”

“उंदीर कुटलं! तुमी आलाय न्हवं.” तिनं हनुवटीनं फटफटीकडे खूण केली. “हिच्यावर बसून. हिचं नाव पिसू हाय म्हनं. आन उडती. चालती पिसू आली तर दोन भाऊ गेले, उडती आल्यावर काय ऱ्हाईल, आसं धोंडीबाबा म्हनला. काल सांजच्यालाच समदी पोरं घेऊन गेली.”

साहेब क्षणभर गाडीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. “हे यांना कुणी सांगितलं?”

हौसामावशीचे डोळे माझ्यावर होते. शुक्रवारी ती माझ्यापासून तीन हातांवर बसली होती. सूप तिच्या हातात थांबलेलं मी पाहिलं होतं. ती आता बोलेल, या भीतीनं माझ्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. साहेबांची खोली, साहेबांची शाबास, बुधवारी पुण्याला त्यांच्या मागं बसून जायचं, सगळं त्या एका क्षणात पणाला लागलं होतं.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

मावशीनं डोळे वळवले. ती दावं हाताला गुंडाळू लागली. त्यानंतर पुष्कळ दिवस मला वाटत होतं, की तिनं मला वाचवलं. आता तसं वाटत नाही.

“तुम्ही का नाही गेलात?” साहेबांनी तिला विचारलं.

“म्हस आज-उद्या व्यायची हाय. तिला कोन सांगनार पिलेग आलाय म्हनून?” मग फटफटीजवळ येऊन तिनं त्या पांढऱ्या अक्षरांवरून दाव्याचं टोक फिरवलं. “पर डाक्टर, आसं वंगाळ नाव ठिवलं कुनी हिचं?”

“सैनिकांनी. लढाईत विमानातून खाली टाकायचे या गाड्या.”

“वरनं? मंग समद्या धड पोचत व्हत्या?”

“नसाव्यात. बऱ्याच मोडत असतील.”

“म्हंजी हिच्या आदीच्या गेल्या.” मावशीनं टाकीवर हात ठेवला. “मंग बराबर हाय त्येंचं. ही ऱ्हावी म्हनून ठिवलं.”

साहेब शहरातले. त्यांना काही उमगलं नाही. पण मला उमगलं, आणि लाजेनं माझी मान खाली गेली. माझ्या थोरल्या भावाचं नाव दगडू. त्याच्याआधी आईची दोन मुलं गेली होती. मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव मुद्दाम असं ठेवायचं की नेणाऱ्याला ते नकोसं वाटावं. दगड, धोंडा, केर, भीक. टाकाऊ म्हणून नेणारा पुढं जातो आणि पोर राहतं. मी दगडूदादाला रोज दहा हाका मारल्या असतील. त्या हाकेत माझ्या आईची केवढी भीती आहे, हे मी एकदाही ऐकलं नव्हतं. इंग्रजी शब्दांचे अर्थ मात्र मला पाठ होते.

मावशीनं दावं खुंटीला अडकवलं. म्हशीला म्हणाली, “मी येईस्तवर दम धर, बये,” आणि पदर खोचून आमच्यापुढं माळाची वाट चालू लागली. फटफटी आम्ही वाडीतच ठेवली.

माळावर करवंदीच्या जाळ्यांच्या आडोशानं माणसं उतरली होती. दगडांच्या चुली मांडलेल्या, पोरं घोंगड्यांवर. आम्हाला पाहताच बायकांनी पोरं मागं ओढली. धोंडीबाबा काठी घेऊन उभे राहिले. “डाक्टर, तितंच थांबा.”

“बाबा, गाडी मी खालीच ठेवलीय.”

“तुमी तिच्यावर बसून आलाय. तुमच्या कापडात आसंल.”

“पिसू नाहीय हो ती. लोखंड आहे. नाव नुसतं.”

“नाव नुसतं कसं? तुमी शिकल्याली मानसं. उगी का कोन नाव ठिवतंय?” धोंडीबाबांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती साहेबांनीच शिकवलेली होती. “तुमी सांगितलं तसं केलंय आमी. आता तुमीच म्हनता, घरला चला?”

साहेबांनी माझ्याकडे वळून थर्मासाकडे बोट केलं. मी थर्मासाचं झाकण किंचित उघडून बोट घातलं. बर्फाचा एक तुकडा उरला होता, लिंबाएवढा. ऊन डोक्यावर येत होतं. खोऱ्याच्या पलीकडं, जिथं दोन पोरं गेली होती, त्या गावावर धुराची रेघ होती. राबाची की आणखी कशाची, इथून कळत नव्हतं.

मग हौसामावशी पुढं झाली. घोंगडीवरचा आपला पोरगा तिनं दंडाला धरून उभा केला.

“ह्येचं नाव काय?” तिनं सगळ्यांना विचारलं. “केरू. का ठिवलं? ह्येच्या आदी तीन पुरली म्हनून ठिवलं. केर हाय का ह्यो? आं? आन तो धुरपाचा भिकू, तो काय भीक मागाया जातो? त्या फटफटीच्या बी आदीच्या मेल्यात. आबाळातनं टाकायची तिला मानसं. जगावी म्हनून वंगाळ नाव ठिवलं तिचं. आपुन ठिवतो तसंच.”

मावशी धोंडीबाबांकडे वळली.

“तुमी सांगा. तुमच्या आयनं तुमाला धोंडी का म्हनलं? धोंडा हायसा व्हय तुमी, बाबा?”

मागून कुणीतरी म्हणालं, “कवा कवा वाटतंय खरं!”

आणि माळ हसला. दोन दिवसांची भीती एकदम सुटावी तसे सगळे हसले. बायका पदरात, पोरं उघड्या तोंडानं. ते हसणं मी कधीच विसरणार नाही, कारण त्या हसण्यानं वाडी वाचवली आणि त्याच हसण्यानं धोंडीबाबांना तोडलं. भरल्या माळावर, सुनांसमोर, ते हसण्याचा विषय झाले होते. त्यांनी मुलाला खूण केली, पाच वर्षांच्या नातीला, तानीला, खांद्यावर घेतलं, आणि ते वरच्या खिंडीकडे चालू लागले. मागून मुलगा, मागून सून.

साहेब धावले. “बाबा, माझ्यावर राग धरा! पोरीला ठेवून जा. एका क्षणाचं काम आहे!”

धोंडीबाबा थांबले नाहीत. साहेब खिंडीच्या निम्म्या वाटेपर्यंत गेले आणि उभे राहिले. इकडं मावशीनं केरूचा दंड उघडा केला होता, त्यामागं धुरपा, तिच्यामागं आणखी पाच-सहा बाया. पस्तीसेक पोरं आणि वितळत चाललेला बर्फ. ते मागं फिरले. तेवढ्या अंतरात त्यांचं वय वाढल्यासारखं मला दिसलं.

पोरं रडत होती, चकती फिरत होती, मी नळ्या मोडून देत होतो. दुपार झाली. शेवटच्या दोन नळ्या साहेबांनी फोडल्या नाहीत. थर्मास करवंदीच्या सावलीत ठेवून ते खिंडीकडे तोंड करून बसले. थर्मासातलं पाणी कोमट झालं, मग गरम झालं. तेव्हा त्यांनी त्या नळ्या दगडावर ठेवून फोडल्या आणि काचा मातीत पुरल्या.

आम्ही माळ उतरून आलो. वाडीत म्हैस व्याली होती. रेडकू.

बुधवारी त्यांनी मला त्याच गाडीवरून पुण्याला परीक्षेला नेलं. अख्खी वाट मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. शाळेच्या फाटकाशी त्यांनी माझ्या शर्टावरची धूळ झटकली. म्हणाले, “अर्थ नीट वाच, मग लिही.” मी पास झालो. इंग्रजीत चांगला पास झालो.

वैशाखात तानीला देवी आल्या. वाडीतल्या दुसऱ्या एकाही पोराला आल्या नाहीत. ती वाचली, पण तिचा डावा डोळा गेला. साहेब तीनदा त्यांच्या दारी जाऊन आले. धोंडीबाबांनी त्यांना बाहेरच्या दगडावर बसवून पाणी दिलं. माझा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन खोलीवर गेलो, तेव्हा साहेब हिरव्या रंगाचा डबा घेऊन गाडीची टाकी रंगवत होते. पांढरी अक्षरं निम्मी बुजली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “घेतली त्याच दिवशी खरवडायला हवं होतं रे. माझं लक्षच गेलं नाही.” मी पेढे खाली ठेवले. सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांनी वळून विचारलं, “कॉलेजचा फॉर्म आणलास का?”

तो फॉर्म त्यांनीच भरला. त्यांच्याच ओळखीनं मला नोकरी मिळाली, आणि नोकरी करत, दोनदा थांबत, मी बी.ए. झालो. त्यांची बदली लांब झाली. त्यांची पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्रात मी काय वाचतो आहे याची चौकशी असे, आणि एका ओळीत कधीतरी, “आसणवाडीकडं गेलास तर त्या मुलीचं कसं आहे ते कळव.”

गेल्या पंधरवड्यात गावानं माझा सत्कार केला. गावातला पहिला पदवीधर म्हणून. देवळापुढं सतरंजी, नारळ, फेटा. माझ्या भाषणात मी बिडवेसाहेबांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेटा बांधायला कुणीतरी वयानं वडील माणूस हवा म्हणून मागून एका म्हाताऱ्याला पुढं आणलं. धोंडीबाबा. वाडीहून मुद्दाम उतरून आले होते. त्यांचा हात धरून तानी आली होती. आता मोठी, परकर-पोलक्यातली, चेहऱ्याची डावी बाजू ओढणीसारख्या घेतलेल्या फडक्यानं झाकलेली. धोंडीबाबांनी माझ्या डोक्यावर फेटा बसवला आणि कानाशी येऊन म्हणाले, “लई शिकलास बाबा. आमाला शिकल्याल्यांचं कळत न्हाई, म्हनून आमचं नुकसान हुतं.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांना तो विनय वाटला.

त्या दिवसापासून परीक्षेच्या वर्गात फेऱ्या घालताना मी मनात एकच मजकूर जुळवत होतो. परवा तो लिहिला आणि टपालपेटीत टाकला. त्याची नक्कल ही अशी:

तीर्थस्वरूप साहेबांस साष्टांग नमस्कार.

सत्काराची हकीकत मागच्या पत्रात कळवली होती. त्यात एक गोष्ट लिहिली नव्हती. खरं तर गेली आठ वर्षं कुठल्याच पत्रात लिहिली नाही.

आसणवाडीच्या रिकाम्या आळीत उभे राहून तुम्ही मला विचारलं होतं, की हे यांना कुणी सांगितलं. मी ठाऊक नाही म्हणालो. मला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. शुक्रवारी पारावर बसून, मला इंग्रजी येतं हे दाखवण्यासाठी. तुमच्या तक्त्यातली पिसू ती हीच, हेही मीच म्हणालो. त्यांनी विचारलेलंसुद्धा नव्हतं.

तेव्हाच खरं बोललो असतो, तर तुम्ही मला धोंडीबाबांपुढं उभं केलं असतं, हे मला आता पक्कं वाटतं. पोरगा बढाई मारत होता, असं मी त्यांच्यासमोर म्हणालो असतो. लोक मला हसले असते. त्यांना कुणी हसलं नसतं, आणि तानी माळावरच राहिली असती. हसू माझ्या वाट्याचं होतं. ते मी त्यांच्यावर जाऊ दिलं.

टाकी रंगवताना तुम्ही चूक स्वतःकडे घेतलीत. मी ती घेऊ दिली, आणि तुम्ही भरलेल्या कॉलेजच्या फॉर्मवर मी सही केली. तुमची काही चूक नव्हती, साहेब. तुम्ही दोन नळ्या राखून त्या उन्हात बसला होतात.

येत्या रविवारी मी आसणवाडीला जाणार आहे. धोंडीबाबांना आणि तानीला सगळं सांगणार आहे. ती आता समजण्याएवढी झाली आहे, तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. ते काय म्हणतील मला माहीत नाही, आणि त्यांनी काही ठरावीक म्हणावं अशी अपेक्षाही नाही. त्यांच्या नुकसानाचं कारण त्यांचं अडाणीपण नव्हतं, एवढं तरी त्यांना कळलं पाहिजे.

तुम्हाला आधी लिहितो आहे, कारण धोंडीबाबांना कदाचित तुम्हाला पत्र घालावंसं वाटेल, आणि ते पत्र लिहून देणारं वाडीत कुणी नाही. त्यांनी सांगितलं तर ते मीच लिहीन. ते जे सांगतील तेच लिहीन, शब्दाला शब्द.